सुमेधाचे सहा तास

सुमेधा वर्देला चित्रकलेचा वीट आला होता आणि ती चित्रकलेची शिक्षिका होती. वाशीतल्या एका शाळेत सोळा वर्षं तिने मुलांकडून एकच पितळी तांब्या काढून घेतला. एलिमेंटरीला तांब्या आणि दोन केळी. इंटरमिजिएटला तांब्या, केळी आणि मागे चुण्या पडलेला पडदा. तांब्याला उजव्या अंगाला चांगला मोठा पोचा होता. हजारो मुलांनी तो नसल्यासारखाच तांब्या काढला. पोच्यासकट काढणारी दोघं-तिघं निघाली, त्यांना परीक्षेत खालची श्रेणी मिळाली. "बाई, पण तो खरा तसाच आहे ना?" असं त्यातल्या एकीने विचारलं, तेव्हा "हो, पण परीक्षेत नाही" असं उत्तर देऊन सुमेधा मोकळी झाली आणि त्या दुपारी तिला डबा गेला नाही.

तशी ती हुशार. जी. डी. आर्ट पहिल्या वर्गात पास झालेली. लग्नानंतर चेंबूर सोडून वाशीच्या नव्या फ्लॅटात आली तेव्हा सोबत बारा कॅनव्हास आणले होते. ते पलंगाखाली गेले, आणि त्यांच्यापुढे गव्हाचा डबा आला तो कायमचा. नवरा नंदकिशोर पावण्याला रंगाच्या कारखान्यात स्टोअर्सला, मुलगी क्षिप्रा बारावीला. कुणी तिला छळत नव्हतं, कुणी अडवत नव्हतं. त्रेचाळिसाव्या वर्षी स्वतःचं म्हणून एकही काम हातून झालं नाही, याचं खापर फोडायला समोर कुणी नसणं, हीच तिची मोठी अडचण.

शहाण्णवच्या दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला कलाशिक्षकांचं शिबिर होतं. शेवटच्या दिवशी एका व्याख्यात्यांनी स्लाइड दाखवल्या आणि त्यांचं यंत्र मध्येच अडकलं. पडद्यावर एक बाई रिकाम्या खोलीत खुर्चीवर बसलेली. बाकी काही नाही. लोक चहाला गेले. सुमेधा बसून राहिली आणि यंत्राशी झटापट करणाऱ्या त्या गृहस्थांना म्हणाली, "ही बाई काय काढतेय?"

"काही काढत नाहीये. बसली आहे. सहा तास बसली होती."

"आणि चित्र?"

"तेच काम. बसणं."

सुमेधा भयंकर चिडली. घरी येऊन भाकरी थापताना चिडलेली होती, सहामाहीचे कागद तपासताना चिडलेली होती. आठ दिवसांनी तिच्या ध्यानात आलं की गेल्या सोळा वर्षांत कुठल्याही चित्राने तिला आठ दिवस चिडवलेलं नाही. आता हे काय प्रकरण आहे ते मुळापासून शिकायचंच, असं तिने ठरवलं. ठरवणं सोपं होतं. शिकवणार कोण?

जानेवारीत वाशीच्या रंगसाहित्याच्या दुकानात एक झेरॉक्स कागद चिकटवलेला दिसला. 'परफॉर्मन्स आर्ट: इतिहास आणि सराव. बारा रविवार.' पत्ता पावण्याच्या एमआयडीसीतल्या एका गाळ्याचा. प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना तिथून उठून गेला होता, वास मात्र जागेवर होता. शिकवणारा ऋषी एकतीस वर्षांचा, दोन वर्षं जर्मनीत राहून आलेला. मराठी चांगलं बोले, पण वाक्य पूर्ण करत नसे. "म्हणजे बॉडी जेव्हा, यू नो, स्पेसमध्ये..." असं म्हणून हात हवेत ठेवून द्यायचा. सुमेधाला वाक्याच्या शेवटी क्रियापद लागे. पहिल्या रविवारी पाचजण होते. नाच शिकवणार नाहीत हे कळल्यावर एक मुलगी गेली, मग तिची मैत्रीण गेली, आणि चौथ्या रविवारी तिघंच उरले: आर्किटेक्चरची दोन पोरं आणि सुमेधा.

इतिहास तिला क्रमाने हवा होता. तिने शाळेच्या टाचणवहीसारखी वही आखली. साल, गाव, कुणी, काय केलं, किती वेळ, बघणाऱ्यांचं काय झालं. पहिलं महायुद्ध चालू असताना झुरिकच्या एका खानावळीत काही मंडळींनी पुठ्ठ्याचे कपडे घालून अर्थ नसलेल्या कविता म्हटल्या, हे लिहून झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात कुणी चिखलात लोळलं, कुणी ताणून बसवलेले कागद अंगाने फाडत पलीकडे गेलं, हेही लिहून झालं. पुढे अमेरिकेत, युरोपात बायका आपलं अंगच कामाला लावू लागल्या. शेवटचा रकाना मात्र रिकामाच राहायचा. कुणी लिहूनच ठेवलेलं नव्हतं. ऋषीकडे एका पुस्तकाच्या झेरॉक्स होत्या, त्यांत फोटो काळे ठिक्कर आलेले. हा डाग म्हणजे कलावंत की भिंत, यावर अर्धा तास जायचा.

"ही इथे आठ तास उभी होती असं लिहिलंय," सुमेधा म्हणाली. "लघवीचं काय केलं?"

आर्किटेक्चरची पोरं खाली बघायला लागली.

"ते डॉक्युमेंट झालेलं नाही, मॅडम."

"का नाही? आठ तास उभं राहायचं म्हणजे पहिला प्रश्न तोच. तो ज्याला पडला नाही त्याने हा इतिहास लिहिला कशाला?"

"तुम्ही फॅक्ट्समध्ये अडकताय. फील करा."

"फील करायला मी घरी मोकळी आहे. इथे मी शिकायला येते."

मुंबईच्या दोन वाचनालयांत ती स्वतः जाऊन आली. एकात पुस्तक मिळालं, ते तिथेच बसून वाचायचं होतं, आणि नेमकं हवं ते प्रकरण कुणीतरी ब्लेडने कापून नेलेलं. दुसऱ्यात ग्रंथपालबाईंनी 'परफॉर्मन्स' ऐकून तिला नाट्यविभागात पाठवलं, नाट्यविभागाने संगीतात आणि संगीताने जेवणाची सुट्टी झाल्याचं सांगितलं.

सराव त्याहून छळवादी. गाळ्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अर्ध्या तासात चालायचं. अंतर वीस पावलं. काठोकाठ भरलेलं भांडं धरून तासभर उभं राहायचं. सुमेधाचा डावा गुडघा आधीच कुरकुरणारा. तिसऱ्या रविवारी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ऋषी हळू आवाजात म्हणाला, "ब्यूटिफुल." तिने भांडं खाली ठेवून त्याला सांगितलं की हे संधिवाताचं पाणी आहे, यात ब्यूटिफुल काही नाही. पण पुढच्या रविवारी ती भांडं धरून पुन्हा उभी राहिली आणि तासभर हलली नाही. शेवटच्या पाच-सात मिनिटांत तिला काहीतरी झालं. काय, ते तिला कुणालाच सांगता आलं नाही. एवढंच की त्या पाच-सात मिनिटांत ती कुणाच्या पसंतीची वाट बघत नव्हती.

घरी सराव करणं म्हणजे तर शोभाच. एक पोळी न बोलता चाळीस मिनिटं खायची होती. नंदकिशोर समोर बसून बघत होता.

"दाढ दुखतेय का?"

मानेने नाही.

"माझं काही चुकलंय का?"

मानेने नाही.

"अगं, नाटकात काम करायला जाते म्हणालीस तर मी समजू शकतो. नुसतं बसायला क्लास? फी भरून?" मग क्षिप्राकडे वळून म्हणाला, "तुझी आई ऑफिसात आली असती तर तिला पगार देऊन बसवलं असतं."

"बाबा, तुम्ही डिस्टर्ब करताय," क्षिप्रा म्हणाली. "तिची पोळी कॅन्सल होईल."

शेजारच्या मालतीबाईंना मौनाचा सुगावा लागला. दुसऱ्याच दिवशी त्या चार केळी आणि नारळ घेऊन दारात. "कुणाकडनं घेतलंत हो मौन? आमच्या जाऊबाईंचे महाराज गुरुवारचं देतात." सुमेधाने दोनदा समजावून सांगितलं. मालतीबाईंनी मान डोलवली, जाताना तिला वाकून नमस्कार केला आणि सोसायटीत जे सांगायचं ते सांगितलंच.

शेवटच्या रविवारी प्रत्येकाने आपलं स्वतःचं काम लोकांत करायचं होतं. सुमेधाचं ठरलेलं होतं. एक टेबल, एक खुर्ची, कोऱ्या कागदांची चळत. पट्टी न घेता एका कागदावर वरपासून खालपर्यंत एकच रेघ, जितकी सावकाश काढता येईल तितकी सावकाश. मग तो कागद दुसऱ्या चळतीवर. रेघ वाकडी गेली तर खोडायची नाही. सोळा वर्षं तिने मुलांच्या वाकड्या रेघा खोडायला लावल्या होत्या. अकरा ते पाच, सहा तास. बोलायचं नाही, उठायचं नाही, मान वर करून कुणाकडे बघायचं नाही. यातलं एक जरी मोडलं तरी काम मोडलं. नियम तिचे तिनेच केलेले. आणि सहा तास पुरे करायचे हे तिच्या मनाने इतकं घेतलं होतं की क्षिप्राच्या बारावीच्या परीक्षेतही तिला त्याचीच स्वप्नं पडत.

वाशीत पालिकेच्या कचेरीत ती जागेची परवानगी मागायला गेली. अर्जावर छापलेलं होतं: नाटक, वाद्यवृंद, धार्मिक, विवाह, इतर. तिने 'इतर'वर खूण केली.

"इतर म्हणजे काय?" टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं.

"मी बसणार आहे."

"उपोषण? कशाच्या निषेधार्थ?"

"कशाच्याच नाही."

"मग परवानगी कशाला? बसा की बागेत."

"टेबल लावणार आहे."

"मग स्टॉल. स्टॉलचा फॉर्म वेगळा. काय विकणार?"

शिक्षकांच्या खोलीत ती हे सगळं दातओठ खात सांगत होती तेव्हा सुचिता खो-खो हसली. सुचिता शाळेत खेळ शिकवायची. तिशीची, घणसोली गावातली, आगरी घरातली. "वर्देबाई, आमच्या गावात या ना. देवळासमोर मोकळी जागा आहे, मंडळाचं टेबल आहे. माझ्या काकांना सांगते. परमिशन कसली त्यात?" फक्त त्या रविवारी ती स्वतः दुपारपर्यंत नसणार होती. कोपरखैरण्याला तिच्या मावसबहिणीचा साखरपुडा होता. "चारपर्यंत येतेच. तुमी काळजी नका करू, आमचे लोक चांगले आहेत."

लोक चांगले होते, यात वाद नाही.

तेरा एप्रिल, सत्त्याण्णव. सुमेधा सकाळपासून चहासुद्धा प्यायली नव्हती. लघवीचा प्रश्न तिने स्वतःपुरता असा सोडवला होता. मंडळाचं टेबल लोखंडी पायांचं, त्यावर हिरवं कापड. तिने इस्त्रीची सुती साडी नेसली, चष्मा पुसला, कोऱ्या कागदांची चळत एका बाजूला लावली आणि ठीक अकराला पेन्सिल टेकवली. ऋषी कॅमेरा घेऊन देवळाच्या पायरीवर बसला.

हिरव्या कापडाचं टेबल, कागदांचे दोन गठ्ठे आणि मान वर न करणारी चष्मेवाली बाई. घणसोलीत त्याचा एकच अर्थ होत होता. नव्या शहरासाठी गावांच्या जमिनी गेल्या होत्या आणि बदल्यात साडेबारा टक्के जमीन भूखंडाच्या रूपात परत मिळायची होती. कुणाला मिळाली, कुणाची फाइल अडली, कुणाच्या वारसाचं नाव लागलं नाही. घराघरात प्लास्टिकच्या पिशवीत कागद तयार असायचे; कधी कुठे टेबल लागेल याचा नेम नसायचा. हे वाशीच्या फ्लॅटात राहणाऱ्या सुमेधाच्या डोक्यात आलं नाही, आणि ऋषीच्या तर येण्याचं कारणच नव्हतं.

साडेअकराला टेबलासमोर दोन पाय येऊन उभे राहिले. पायांत नव्या कोऱ्या चपला, वर पांढरंशुभ्र धोतर. माणूस कुठेतरी कार्याला निघालेला दिसत होता.

"म्याडम, साडेबारा टक्क्यांचा हाय का?"

सुमेधाची रेघ कागदाच्या मध्यावर होती. ती खाली सरकत राहिली.

"शिवा पाटील माजा नाव. फायल दोन वरसां झाली आत गेलीय."

आणि सुमेधाला कळलं. रेघ पुरी व्हायच्या आत सगळं कळलं. एक वाक्य बोललं असतं तर माणूस आपल्या वाटेने गेला असता. पण साडेपाच तास उरले होते. कागद उचलून तिने दुसऱ्या चळतीवर ठेवला आणि नवा घेतला. ऋषी सांगेल, तिने स्वतःला समजावलं. सांगायचं काम त्याचं आहे.

ऋषीने सांगितलं. "त्या बोलणार नाहीत. तुम्ही थांबू शकता. पाचपर्यंत चालू आहे."

"पाचपरयंत हाय!" शिवाने मागे वळून हाक दिली, आणि कोपरखैरण्याचा रस्ता सोडून तो रांगेत पहिला उभा राहिला.

बारा वाजता पंधरा माणसं होती, एकला तीस. टेबलापर्यंत ऐकू जात नाही असं समजून कुजबुजणं चाललेलं.

"रविवारी पन लावलाय?"

"इलेक्शन आला असल."

"मागच्या बाईपरीस बरी हाय ही. ती निस्ती गप्पा मारीत बसायची. ही लिवते तरी."

"पन काय लिवते?"

"आपल्याला काय करायचाय? लिऊ दे."

कुणीतरी सुमेधाच्या डोक्यावर छत्री धरली. कुणीतरी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली, मग तो उचलून दुसरा आणला. रांगेतल्या लोकांना छत्री नव्हती. ऋषी पायरीवरून उतरून या बाजूने, त्या बाजूने फोटो घेत होता आणि त्याचा चेहरा लग्नातल्या नवरदेवासारखा फुलला होता. सुमेधाला त्याच्याकडे बघायची परवानगी नव्हती, पण कॅमेऱ्याचा आवाज ऐकू येत होता आणि त्या प्रत्येक खट्कन आवाजासरशी तिला वाटे, पेन्सिल फेकून मारावी. फेकली नाही. रेघा मात्र अशा येत होत्या की आयुष्यात कधी आल्या नव्हत्या. हीच तर पंचाईत. एकशे चाळिसावी रेघ, एकशे एकेचाळिसावी. लोक उन्हात उभे होते आणि तिचा हात स्थिर होता. त्या स्थिरपणाची तिला लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो गेला नाही.

तीन वाजून गेल्यावर एक म्हातारी रांग सोडून पुढे आली आणि टेबलाच्या कडेला हात टेकून उभी राहिली. वेणूबाई, सुचिताची आत्या; हे सुमेधाला नंतर समजलं.

"अगो बाय, तोंड हाय ना तुला? माजा न्हवरा मेला त्याला सात वरसां झाली. माजा नाव लागला का नाय, येवरा सांग. नाय लागला तर नाय सांग. मी घरा जाते."

सुमेधाने रेघ पुरी केली. मग पेन्सिल खाली ठेवली आणि मान वर केली. मनगटावरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

"आजी, मी ऑफिसातली नाही. मी चित्रकलेची शिक्षिका आहे."

पायरीवरून ऋषी ओरडला, "मॅडम! पावणेदोन तास राहिले होते!"

त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. लोक सुमेधाकडे बघत होते, आणि कुणाचाच विश्वास बसलेला नव्हता.

"असाच बोलतान सगले," रांगेतून आवाज आला. "मागच्या खेपेला पन साहेब बोलला, मी तो साहेब नाय."

"अहो, खरंच नाही! हे बघा." तिने गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. "नुसत्या रेघा आहेत."

शिवाने वरचा कागद डोळ्यांपाशी धरला. "आमच्या फायलीत पन कायतरी असाच असतंय."

"मग सकालधरना काय करत होतीस?" वेणूबाई म्हणाली.

"रेघा मारत होते."

"कशापायी?"

सुमेधाने तोंड उघडलं. झुरिक, जपान, अमेरिका, भरलेलं भांडं, बारा रविवार. चाळीस माणसं ऐकायला उभी होती आणि एवढे श्रोते ऋषीच्या गाळ्याने कधी पाहिले नसतील. पाठ केलेलं सगळं असून एक साधं वाक्य सापडत नाही, याचा तिला इतका संताप आला की तिने पेन्सिल उचलली, कोरा कागद ओढला आणि वेणूबाईंचा चेहरा काढायला घेतला. पाच मिनिटांत नाक, कपाळावरचं गोंदण, गालाची खळी, कानातली कुडी, सगळं कागदावर. कागद तिने फिरवून समोर धरला.

"चित्रकलेचीच हाय," शिवा म्हणाला. त्याच्या हातातली पिशवी खाली आली.

"नाक माजा नाय," वेणूबाई म्हणाली, पण कागद घडी न घालता पदराखाली धरला.

काही लोक शिव्या घालत निघून गेले, आणि त्या शिव्या रास्त होत्या. उरलेले गेले नाहीत. रांग होती तशीच राहिली. "माजा पन काड. एवरा वेल उबा हाय, कायतरी तर नेऊ दे घरा." सुमेधाला नाही म्हणायला तोंड नव्हतं. जे आयुष्यभर केलं, ज्याचा वीट येऊन ती इथवर आली, तेच ती काढत बसली. हुबेहूब चेहरे. कुणी मिशी जरा दाट करून मागितली, कुणी केस. तिने दोन्ही करून दिलं.

चार वाजता सुचिता आली. शालू, गजरा, हातात पेढ्यांचा पुडा. टेबलाजवळ उभा असलेला माणूस बघून ती जागच्या जागी थांबली.

"शिवामामा? तुमी हितं?"

शिवा नव्या चपलांकडे बघत राहिला.

"तिथं सगळी तुमची वाट बघत होती. मुलीचा मामा नाही म्हणून तासभर खोळंबा केला. शेवटी नवऱ्याकडची कुरकुरायला लागली तेव्हा उरकलं. पुतळामामी रडली सगळ्यांसमोर."

"फायलीचा हाय असा वाटला," शिवा म्हणाला. "साहेब बोलला पाचपरयंत हाय. मंग मी पयला नंबर कसा सोडनार?"

सुचिताने टेबल बघितलं, हिरवं कापड बघितलं, गठ्ठे बघितले. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

ऋषी निघताना उड्या मारत होता. तो म्हणाला की मॅडम, तुम्ही बोललात तेही कामच आहे, पोर्ट्रेट्सही कामच आहे, रांग तर, यू नो, म्हणजे... सुमेधाने त्याला विचारलं की तुझ्या मते काम नाही असं जगात काही आहे का, आणि उत्तराची वाट न बघता टेबलावरचं कापड घडी करून मंडळात नेऊन दिलं.

बसथांब्यापर्यंत सुचिता तिच्याबरोबर आली, पण एक पाऊल लांबून चालत होती. थांब्यावर आल्यावर म्हणाली, "बाई, एक विचारू? तुमाला कधी समजलं?"

तीन वाजता, असं म्हणता आलं असतं. तपासायला कोण येणार होतं?

"साडेअकराला," सुमेधा म्हणाली. "शिवाभाऊंनी विचारलं तेव्हाच."

"आणि तीनपर्यंत?"

"तीनपर्यंत मला पाच वाजायला हवे होते."

सुचिताचा चेहरा एकदम लहान झाला. "माझी माणसं आहेत ती, बाई. मी तुमाला आणलं गावात."

"माहीत आहे."

"हे त्यांना सांगाल? माझ्यासमोर?"

बस आली. सुमेधा चढली नाही. गुडघा ठणकत होता, सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि मनात सारखं येत होतं की अजून पावणेदोनच तास, पावणेदोनच. स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्यात असं तिला वाटत होतं आणि तरी ते पावणेदोन तास हवेच होते.

गावात परतताना वेणूबाईंचं घर आधी लागलं. म्हातारी ओटीवर सुकट निवडत होती. सुमेधाने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. वेणूबाईने वरसुद्धा पाहिलं नाही.

"मना ठाव होता. दोन वाजताच समजला. ऑफिसातली कनची बाय येवरा वेल जागेवर बसते?"

"मग तुम्ही थांबलात का?"

"तू कवा बोलतेस ते बघत होते."

सुमेधा मटकन ओटीवर बसली. "म्हणजे मी बोलले नसते तरी तुम्हाला चाललं असतं?"

"मना चालला असता," वेणूबाई म्हणाली. "शिवाला नसता चालला. त्याच्या घरान आज चूल नाय पेटली. माज्याकरं कशाला आलीस? तिकरं जा."

शिवाचं घर गल्लीच्या टोकाला होतं. दारात नव्या चपला उलट्या पडलेल्या. आत पुतळाबाई साखरपुड्याच्याच साडीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. शिवा तिच्यापासून चार हात लांब, गुडघ्यांत मान घालून. सुचिता उंबऱ्याबाहेर थांबली. सुमेधा आत गेली आणि जमिनीवर बसली.

"पुतळाबाई, यांचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "मला साडेअकरालाच सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही."

पुतळाबाईने मान वळवली. "का नाय सांगितला?"

या वेळी सुमेधा सांगू लागली. नीट जमत नव्हतं, वाक्यं अर्धवट सुटत होती, आणि पुतळाबाई मध्ये मध्ये "मंग?" असं म्हणत होती.